तिसरे नाव

केंडल्स मिल, जॉर्जिया
रविवार, १४ जून १९५३

प्रिय ताई,

तुझे पत्र मिळाले. आत तारीख २ जून आहे आणि पाकिटावरचा शिक्का ५ जूनचा आहे, म्हणजे तीन दिवस ते तुझ्याजवळच पडून होते. काही अडचण होती का? आईला मी हे सांगितलेले नाही.

पत्र तिला वाचून दाखवले. एका मोठ्या दुकानात तात्पुरते काम मिळाले असे तू लिहितेस, पण काम कोणते ते लिहीत नाहीस. चर्चमध्ये मिस ऑगस्टाने विचारले, तेव्हा आईने सांगितले की लव्हिनिया क्लीव्हलंडच्या सर्वांत मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर असते. वरचा मजला तिने कुठून आणला ते मला माहीत नाही. पत्रात मजला नाही. मी पुन्हा तपासले.

आता मुख्य गोष्ट. मुख्याध्यापक टॉलिव्हर शुक्रवारी आमच्या शवपेट्यांच्या दुकानी आले होते. त्यांची मावशी वारली, तिच्या अंत्यविधीचे पत्रक ठरवायचे होते. पत्रके मी लिहितो हे तुला माहीत आहेच. आता मालक मिस्टर डॅब्नी शवपेटीवरच्या पट्टीवर नाव कोरायचे कामही मलाच देतात, कारण माझ्या हातून अजून एक अक्षरही चुकलेले नाही. त्यामुळे मला रोज जास्तच भीती वाटते. एकदा नाव जमिनीत गेले की दुरुस्त करता येत नाही.

तर टॉलिव्हर म्हणाले की विज्ञान शिकवण्याची जागा ते तुझ्यासाठी १ ऑगस्टपर्यंत राखून ठेवतील, त्यापुढे नाही. पाद्रीबाबांची पुतणी रांगेत उभी आहे. ते म्हणाले, "तिला लिही, आपल्यातल्या शिकलेल्याला दोनच दारं उघडी असतात, शाळेचं आणि चर्चचं. प्रवचन तिला जमायचं नाही. मग तिसरं दार ठोठावत कशाला बसलीय?"

खरे सांगायचे तर मला हे सगळेच कळत नाही. पोस्टमन रफिनकाका लॅटिन शिकलेले आहेत आणि सायकलवरून पत्रे वाटतात. तुझ्या वर्गातला ऑर्व्हिल गणिताची पदवी घेऊन रेल्वेत गोऱ्या प्रवाशांच्या गाद्या घालतो. आणि तुला आपल्या राज्याने आपल्या, फक्त गोऱ्यांच्या, विद्यापीठात घेतले नाही, पण ओहायोला जाऊन शिकायला गाडीभाडे दिले. जो घरात घेत नाही तो भाडे का देतो? मी आठवीत शाळा सोडली, पुढच्या वर्गात हे शिकवत असतील तर मला समजावून सांग.

तुझा भाऊ
सिफस


क्लीव्हलंड, ओहायो
२८ जून

सिफस,

तू शिक्के तपासतोस हे ठाऊक असतं तर धावत जाऊन पत्र पेटीत टाकलं असतं. तीन दिवस ते माझ्या कोटाच्या खिशात होतं, बाकी काही नाही. आईला म्हणावं, तुझं बरोबर आहे. मी वरच्या मजल्यावर असते. खालच्याही असते. दुकान फार मोठं आहे.

भाड्याचं म्हणशील तर ते पुढच्या वर्गातही शिकवत नाहीत. मी सगळे वर्ग करून पाहिले.

आता ऐक, आणि हे चर्चच्या पायऱ्यांवर बोलू नकोस. इथे हॅलोरन नावाची रंगाची कंपनी आहे. रंग म्हणजे घरांना, बोटींना लावायचा. इथल्या तळ्यावरून असा वारा येतो की दोन हिवाळ्यांत लाकडावरचा रंग सालीसारखा सुटतो. तो का सुटतो आणि कसा सुटणार नाही हे शोधायला त्यांना प्रयोगशाळेत माणूस हवा आहे. सिफस, मी दोन वर्षं नेमकं हेच केलंय. जाहिरात वाचताना वाटलं, कुणीतरी माझ्या वहीतून उतरवून घेतलीय.

अर्ज टपालाने करायचा होता. फॉर्मवर वर्णाचा रकाना नाही, मी दोनदा शोधला. शहराचा कायदाच तसा आहे. ओळख देणारी तीन नावं मागितली होती. मी माझे प्रोफेसर लिंडक्विस्ट आणि विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख अशी दोन दिली. तिसरं काही सुचलं नाही.

टॉलिव्हरसरांना म्हणावं, जुलैअखेर थांबा. तिथली जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या शाळेत विज्ञान म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे, आणि किल्ली सापडत नाही.

लव्हिनिया

ता. क. माझी घरमालकीण मिसेस पेटिफोर्ड माझ्या टपालाकडे तुझ्याइतकंच बारीक लक्ष ठेवते. तुमचं दोघांचं छान जमेल.


केंडल्स मिल
रविवार, १२ जुलै

प्रिय ताई,

टॉलिव्हरसरांना निरोप दिला. ते 'हं' म्हणाले. 'हं' म्हणजे हो की नाही, हे मी विचारू शकलो नाही.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तीन नावे मागितली होती आणि तू दोन दिलीस. ताई, तू शिकलेली आहेस, मी तुला काय सांगणार, पण कोरी ओळ म्हणजे कोरी ओळ. आमच्याकडे मृत्यूच्या दाखल्यात एक ओळ कोरी राहिली तरी कचेरी तो परत पाठवते आणि माणूस तसाच पडून राहतो. तिकडे वर्णाचा रकाना नाही, हे वाचून मात्र फार बरे वाटले. म्हणजे तिकडे वर्ण कोणी बघतच नाही. मग अडणार कशाने? अडले तर या कोऱ्या ओळीनेच अडेल.

त्याची सोय मी करतो आहे. ज्या व्यक्तीकडून काम करून घ्यायचे ती समुद्रावर हवा खायला गेली आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला येईल. आता काही विचारू नकोस. आईला माहीत आहे. तिने हो म्हटले.

पेकान अक्रोडांचे पुडके वेगळे पाठवतो आहे. सोलून पाठवावे की न सोलता, यावर आईचा आणि माझा वाद झाला. निम्मे सोललेले आहेत.

सिफस


क्लीव्हलंड
२७ जुलै

सिफस, सिफस,

हे पत्र आईला उभं राहून वाचून दाखव.

हॅलोरन कंपनीचं पत्र आलं. सोमवार, १७ ऑगस्ट, सकाळी आठ वाजता कामावर हजर व्हायचं. खाली मिस्टर केसलर यांची सही आहे आणि हुद्दा लिहिलाय, कनिष्ठ रसायनतज्ज्ञ. मी ते इतक्या वेळा उघडलं की घडीवर कागद विरला.

टॉलिव्हरसरांना आभार सांग आणि जागा मोकळी कर. त्यांना आणखी लटकवून ठेवणं बरं नाही.

तू काय सोय करतो आहेस ते कळलं नाही, पण आता गरज नाही. पेकान पोचले. सोललेले आधी संपले, तुझा वादातला मुद्दा सिद्ध झाला.

लव्हिनिया


केंडल्स मिल
मंगळवार, ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

आईला उभे राहून वाचून दाखवले. ती मात्र बसली. मग उठली, अंगणात गेली, वाळत घातलेल्या सगळ्या चादरी ओल्याच काढून आणल्या आणि पुन्हा नेऊन घातल्या. मी का विचारले, तर म्हणाली, हात स्वस्थ बसत नाहीत.

रविवारी पाद्रीबाबांनी व्यासपीठावरून सांगितले. तू चर्चच्या पायऱ्यांवर बोलू नको म्हणाली होतीस, म्हणून मी पायऱ्यांवर बोललो नाही, आत जाऊन त्यांना चिठ्ठी दिली. 'रसायनतज्ज्ञ' हा शब्द त्यांनी अडखळत वाचला, पण लोक उभे राहिले. रफिनकाका मागच्या बाकावर टोपी चुरगळत बसून होते. मला ते आनंदी वाटले नाहीत, पण त्यांचा चेहरा नेहमीच तसा असतो.

टॉलिव्हरसरांना शनिवारी, १ तारखेला, दुपारी दोनच्या आत सांगितले. त्यांनी त्याच दिवशी पाद्रीबाबांच्या पुतणीला नेमले. म्हणाले, "चला, निदान एक तरी सुटली."

आणि मी म्हटलेली सोयही झाली. ती व्यक्ती कालच परत आली. तू गरज नाही म्हणतेस, पण मला वाटते नोकरी मिळाल्यावर तर कागद पूर्ण असायलाच हवेत. पुढे कोणी तपासले आणि एक ओळ कोरी सापडली तर? मी आज सकाळी स्वतः पोस्टात जाऊन कंपनीच्या पत्त्यावर पाठवून दिले. पत्ता तू जूनच्या पत्राबरोबर पाठवलेल्या जाहिरातीच्या कात्रणावरून घेतला. आता तुझ्या अर्जात काही उणे नाही.

तुझा अभिमान वाटणारा भाऊ
सिफस


क्लीव्हलंड
१६ ऑगस्ट

सिफस,

उद्या सोमवार. मी जात नाही.

गुरुवारी कंपनीचं दुसरं पत्र आलं. तीन ओळी. जागा भरली गेली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही त्याच केसलरची.

मला काही समजत नाही. त्यांनी मला पाहिलेलं नाही, सिफस. कुणीच पाहिलेलं नाही. मी फोनवरही बोलले नाही. माझा सगळा बेत त्यावरच उभा होता. सोमवारी दारात उभी राहीन, आणि दारात आलेल्या, पत्र हातात असलेल्या माणसाला हाकलणं कागदावरच्या माणसापेक्षा अवघड असतं, असं मला वाटत होतं. निदान एक दिवस त्या टेबलाशी उभी राहू दिली असती तर पुढचं मी पाहिलं असतं. मग चार दिवस आधी त्यांना कुणी सांगितलं?

मिसेस पेटिफोर्डला मी काल नको ते बोलले. कंपनीच्या एका बाईने फोन करून माझ्याबद्दल विचारलं असेल आणि हिने बडबड केली असेल, असं माझ्या मनाने घेतलं. ती म्हणाली, "पोरी, मी पन्नास वर्षं याच कातडीत राहतेय. कुणापुढे काय बोलायचं हे तू मला शिकवतेस?" आता जेवायला वेगळं ताट वाढते. प्रोफेसरांनी सांगितलं असेल का? त्यांना विचारायची हिंमत होत नाही. की खरंच जागा भरली, आणि मीच भलतं धरून बसलेय? तेही असू शकतं. ते नाही असं मला कोण सांगणार?

टॉलिव्हरसरांची जागा अजून आहे का ते लगेच कळव. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

ल.


केंडल्स मिल
रविवार, २३ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझे पत्र काल मिळाले, टॉलिव्हरसरांकडे आज गेलो. जागा नाही. पुतणी कामाला लागली आहे. तिचा विषय इतिहास आहे, पण ती पुस्तक घरी नेऊन वाचते आहे. सर म्हणाले, दोन दिवस आधी कळते तर. मी म्हणालो, सर, दोन दिवस नाही, बावीस दिवस. ते म्हणाले, ठाऊक आहे, म्हणायची पद्धत असते.

मी तुझ्यापासून काही लपवलेले नाही हे तुला कळावे म्हणून लिहितो. तुझ्याबद्दल कोणी सांगितले, यावर मी खूप विचार केला. इथून कोणी काही बोललेले नाही. इथून कंपनीला फक्त एकच कागद गेला, आणि त्यात तर तुझे कौतुकच आहे. तिसऱ्या नावासाठी मी मिस क्लॅरा व्हिटलो यांच्याकडून चारित्र्याचे पत्र घेतले. इकडे सगळेच कोणा गोऱ्याकडून असे पत्र घेतात. मिस्टर डॅब्नींकडे लागताना मीही घेतले होते, मालक आपल्यातला असूनही. बाबा रेल्वे यार्डात लागले ते मिस क्लॅरांच्या वडिलांच्या पत्रावरच. पत्राशिवाय गेलेला माणूस दारातूनच परत येतो, हे तुलाही माहीत आहे.

पाकीट बंद करण्यापूर्वी मी ते उतरवून घेतले होते. इथे देतो.

"संबंधितांस. व्हिनी बॅस्कम हिला मी ती पाळण्यात होती तेव्हापासून ओळखते. तिची आई इडा बावीस वर्षे आमचे कपडे धुते आणि आजवर एक रुमालही हरवलेला नाही. व्हिनी ही काळ्यांतली अतिशय प्रामाणिक, स्वच्छ आणि कष्टाळू मुलगी आहे. तिला बरेच शिक्षण मिळाले आहे, तरी ती आपली पायरी ओळखून असते. आपण जे काम द्याल ते ती हसतमुखाने करील."

एवढेच आहे. आईने ऐकले तेव्हा तिला आवडले, विशेषतः रुमालाचे. मला यात काही चूक दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग.

सिफस


केंडल्स मिल
बुधवार, ९ सप्टेंबर

ताई,

तुझे उत्तर नाही. सतरा दिवस झाले.

आता नाही लिहिलेस तरी चालेल. मला कळले आहे.

ते उतरवलेले पत्र मी सोमवारी रफिनकाकांना दाखवले. सायकलवरून न उतरता, एक पाय कुंपणाला लावून त्यांनी ते वाचले. दोनदा वाचले. मी म्हणालो, काका, यात कुठे काय चुकले? ते म्हणाले, "चुकलं काहीच नाही. फार नेटकं पत्र आहे. तुझी बहीण अंधारात चाचपत दारापर्यंत पोचली होती, आणि तू मागून कंदील घेऊन धावलास."

मी विचारले, पण तिकडे तर रकाना नाही ना? ते हसले. इतकी वर्षे मी त्यांना ओळखतो, ते हसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले की रकाना नसतो तेव्हा लोक जास्त बारकाईने शोधतात. मग त्यांनी स्वतःचे सांगितले. त्यांनाही लॅटिन शिकवायला एका शाळेने उत्तरेला बोलावले होते, आणि अशाच तीन ओळी आल्या होत्या. का आल्या ते त्यांना एकोणतीस वर्षांत समजलेले नाही. त्यांच्या वेळी तर पत्र वगैरे कोणी पाठवलेही नव्हते.

हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले आणि मग बरे वाटल्याची लाज वाटली. मी तुझे नुकसान केले की जे होणारच होते त्यात फक्त माझा हात लागला, हे मला ठरवता येत नाही. तू ठरव आणि मला सांग. जे सांगशील ते मी मान्य करीन.

सिफस


क्लीव्हलंड
२० सप्टेंबर

प्रिय सिफस,

तुझी दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. उशिराचं कारण सांगते. पंधरा दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की लिहिलेलं सगळं फाडावं लागलं. मग माझ्या लक्षात आलं की तुझ्यावर रागावणं सोपं आहे, कारण तुझा पत्ता मला ठाऊक आहे. बाकीच्यांचा नाही.

तिसरी ओळ मी मुद्दाम कोरी ठेवली होती. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. सुचलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. घरचं कुठलंही नाव दिलं असतं तरी त्यामागून सगळं केंडल्स मिल चालत आलं असतं. तुला असं लिहायची मला लाज वाटली. तेव्हा चूक मोजायची असेल तर अर्धी माझी.

दुसरं खोटं. मी दुकानात लिफ्ट चालवते. हातमोजे घालून दांडा ओढायचा, मजला पुकारायचा. आम्ही सहा जणी आहोत, त्यात दोघी पदवीधर. पांढऱ्या कॉलरच्या गणवेशात चांगल्या दिसतो म्हणून दुकानाला आम्ही आवडतो. आता तुला कळलं असेल मी कुठल्या मजल्यावर असते.

मिसेस पेटिफोर्डची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी जेव."

आणि आता जे घडलं ते. बुधवारी मी कंपनीत गेले. निरोप न देता, नुसती. केसलर भेटले. सभ्य माणूस, मला खुर्ची दिली. माझी फाईल काढली, तर त्यात ते पत्र वरच होतं. मी सरळ विचारलं, या पत्रामुळे जागा गेली का? ते खरंच चकित झाले. म्हणाले, "छे, उलट हे पत्र उत्तम आहे. तुमच्या आईबद्दलही किती चांगलं लिहिलंय." जागा अंतर्गत कारणाने भरावी लागली म्हणाले. आणि प्रोफेसर लिंडक्विस्टनी आपल्याला सगळी कल्पना आधीच दिली होती, असंही म्हणाले. सगळी म्हणजे कोणती, ते मी विचारलं नाही. आधीच दिली असेल तर मग नेमणुकीचं पत्र कसं आलं? आणि दिली नसेल तर ते असं का म्हणाले? मी तिथे बसून हे जुळवत होते आणि ते बोलत होते, त्यामुळे मधलं एखादं वाक्य हुकलं.

मग ते म्हणाले की तुमच्यासारख्या विश्वासू मुलीला हातचं जाऊ द्यायचं नाही. प्रयोगशाळेतच एक काम आहे. काचेची भांडी आणि बाटल्या धुवायचं. पगार लिफ्टपेक्षा थोडा जास्त. वर्ष-दोन वर्षांत "बघता येईल".

सिफस, तीच प्रयोगशाळा. काचेतून मला ते टेबल दिसलं. तिथे एक सोनेरी केसांचा पोरगा उभा होता, हातातली नळी उजेडात धरून. चुकीच्या हाताने धरली होती.

सोमवारी, २८ तारखेला, हो किंवा नाही सांगायचंय. आत शिरायचं तर हेच दार आहे असं एकदा वाटतं. दुसऱ्यांदा वाटतं, या दाराने आत गेलेली बाई कायम याच दाराची होऊन राहते. दोन्ही खरं वाटतं. लिफ्टमध्ये दिवसभर वर जाताना एक आणि खाली येताना दुसरं.

हे पत्र आईला वाचून दाखव. सगळं, एक शब्द न गाळता. ती काय म्हणते ते लिही.

लव्हिनिया


केंडल्स मिल
गुरुवार, २४ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझे पत्र आज सकाळी आले, लगेच लिहितो आहे. रफिनकाका हे पुढच्या थैलीत स्वतः टाकणार आहेत.

आईला पूर्ण वाचून दाखवले. लिफ्टचेही वाचले. केसलर तिच्याबद्दल जे म्हणाले तेही वाचले. ती मिस क्लॅरांच्या उशांचे अभ्रे घडी करत होती. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी बाटल्यांचा भाग पुन्हा वाचला.

मग ती म्हणाली, "तिला लिही, बाटल्या धुवायच्या नाहीत. धुणं मी केलंय. एका घरात एक पुरे."

मी विचारले, मग तिने काय करावे? ती म्हणाली, "ते मला काय ठाऊक? मी शिकलेय का?" आणि अभ्रे घेऊन निघून गेली. संध्याकाळी मिस क्लॅरांकडून परत आली तेव्हा मी विचारले, त्यांना काही बोललीस का? ती म्हणाली, काय बोलणार? त्यांनी विचारलं, व्हिनीला नोकरी मिळाली ना माझ्या पत्राने, आणि मी म्हटलं, हो मॅम.

आईचे मत मी लिहिले. माझे मत तू विचारले नाहीस, आणि एवढे झाल्यावर मी ते देऊ नये. पण दिले नाही तर पुन्हा काही लपवल्यासारखे होईल. मला वाटते की तू हो म्हणावेस, कारण काचेच्या आत गेलेले माणूस कधीतरी कोणाला तरी दिसेल. हे लिहून झाल्यावर मला वाटते की आईचेच बरोबर आहे. कागद फाडून फक्त एकच मत लिहावे असा प्रयत्न केला. दोन वेळा वेगवेगळे आले.

सिफस


क्लीव्हलंड
१ ऑक्टोबर

सिफस,

तुझं पत्र काल, बुधवारी आलं. मी सोमवारीच कामाला लागले.

तुमची वाट पाहायला हवी होती. शनिवारची पेटी पाहिली, रिकामी होती. मग रविवारी मिसेस पेटिफोर्डबरोबर चर्चला गेले आणि तिथे एक गृहस्थ भेटले. भौतिकशास्त्राची पदवी, एका कचेरीत फरशी पुसतात. अकरा वर्षं झाली. हसून म्हणाले, अजून खिशात मोजपट्टी घेऊन जातो. त्यांच्याकडे पाहून मला नाही म्हणावंसं वाटलं. सोमवारी सकाळी केसलरसमोर उभी राहिले आणि तोंडातून हो आलं. कसं आलं ते सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी साठ-सत्तर बाटल्या. वाळलेला व्हार्निश कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याशिवाय सुटत नाही. त्या पोराचं नाव डोनल्ड. वाईट नाही. मला 'व्हिनी' म्हणतो. फाईलमध्ये तेच नाव वरती आहे ना. काल त्याने दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उलट लावल्या होत्या. मी वासावरून ओळखलं आणि गुपचूप बदलल्या. नंतर वाटलं, बदलायला नको होत्या. नंतर वाटलं, सांगून बदलायला हव्या होत्या.

आईचं वाक्य मी तीनदा वाचलं. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. नुसतं सांग, लव्हिनिया प्रयोगशाळेत लागली. ते खोटं नाही.

ल.


केंडल्स मिल
रविवार, ११ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू सांगितल्याप्रमाणे पत्र वाचून दाखवले नाही. पाकीटही दाखवले नाही. आई इस्त्रीसाठी शर्टांवर पाणी शिंपडत होती. मी म्हणालो, ताईचे पत्र आले, ती प्रयोगशाळेत लागली. मी नेहमीच्या आवाजात बोललो. आधी दोनदा म्हणून पाहिले होते.

तिने इस्त्री उचलली. एक पूर्ण शर्ट झाला, बाह्या, कॉलर, सगळे. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "हात कसे आहेत तिचे?"

मी म्हणालो, पत्रात हातांबद्दल काही नाही. ते खरेच आहे, मी पुन्हा पाहिले. मी तिला बाटल्यांचे काही बोललो नव्हतो. तिला कसे कळले ते मला समजत नाही.

दुपारी खाटकाकडून मेंढीची चरबी आणली, ती कापूर घालून वितळवली, गाळली आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरली. ती डबी या पत्राबरोबर पाठवतो आहे. झाकण घट्ट बसते का ते मी तपासले आहे, वरून मेण लावले आहे.

तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. गरम पाण्यातून निघाल्यावर हात लगेच पुसायचे, ओले हात घेऊन बाहेर थंडीत जायचे नाही. मग चरबी बोटावर घेऊन मऊ होऊ द्यायची. आधी बोटांच्या बेचक्यांत लावायची, मग तळव्यांना. भेगा बेचक्यांतूनच सुरू होतात.

सिफस